बेळगाव बँक कुठे गेली? विसरलेल्या ठेवींचा माग



बेळगावात १९३० साली एक बँक सुरू झाली. तिचे नावच बेळगाव बँक. १९६४ साली तिने विजापूरची श्री जडेय शंकरलिंग बँक आपल्यात सामावून घेतली. पुढे राष्ट्रीयीकरणानंतर ती स्वतःच युनियन बँक ऑफ इंडियात विलीन झाली. आज त्या नावाची पाटी नाही, शाखा नाही, आणि पन्नाशीच्या आतल्या माणसाने ते नाव ऐकलेले असण्याची शक्यताही कमीच. पण एखाद्या घरात, पत्र्याच्या ट्रंकेत, जमिनीच्या जुन्या उताऱ्यांच्या गठ्ठ्याखाली त्या बँकेचे पासबुक अजून असू शकते. ते हाती आले की घरातला शहाणा माणूस लगेच म्हणतो, "ती बँकच आता राहिली नाही. बुडाले ते पैसे. टाकून दे."

टाकून देऊ नका. बँक बंद पडणे वेगळे आणि बँकेचे नाव बदलणे वेगळे. आपल्या बेळगाव-निपाणी भागात विसरलेल्या खात्यांची गोष्ट बहुतेक वेळा बदललेल्या नावांची गोष्ट असते. बँकेचे नाव बदलले, गावाचे बदलले, राज्याचे बदलले, आणि लग्नानंतर खातेदार बाईचेही बदलले. पैसा मात्र कुणाच्या तरी वहीत त्याच जुन्या नावावर पडून राहिला. म्हणून ही नावे कशी बदलत गेली, तो इतिहास आज थोडा सविस्तर पाहू.

मडक्यातून बँकेत

बँका येण्याआधी आपल्याकडची शिल्लक घरातच असायची. कुणी मडक्यात घालून चुलीमागे पुरायचे, कुणी सोन्याचा मणी करून गळ्यात घालायचे, कुणी सावकाराकडे ठेवायचे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या दृष्टांतात एक चाकर धन्याचे पैसे जमिनीत पुरून ठेवतो आणि धनी त्याला विचारतो की निदान सावकाराकडे का ठेवले नाहीस, व्याज तरी मिळाले असते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दृष्टांतातला तो चाकर आपल्या आजी-पणजीला परका वाटला नसता. पुरलेल्या पैशाला व्याज लागत नाही, आणि पुरणारा माणूस अचानक गेला तर जागाही कुणाला कळत नाही.

१ एप्रिल १८८२ पासून देशभर पोस्टाची बचत बँक सुरू झाली. पगारदार, शिपाई, शिक्षक अशा माणसांना पैसे ठेवायला सरकारी जागा मिळाली. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि दुसऱ्याच वर्षी, १९०५ मध्ये, तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या गदगजवळच्या कणगिनहाळ गावी शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था उभी राहिली. देशातल्या सहकारी चळवळीची सुरुवात सांगताना आजही त्या गावाचे नाव घेतले जाते.

याच सुमारास आपल्या भोवतीच्या गावांत छोट्या छोट्या बँका निघू लागल्या. सांगली बँक १९१६ ची. कुरुंदवाडची गणेश बँक १९२० ची. मिरज स्टेट बँक १९२९ ची, बेळगाव बँक १९३० ची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ ची, कोल्हापूरची रत्नाकर बँक १९४३ ची आणि कऱ्हाडची बँक ऑफ कराड १९४६ ची. बेळगावातून किंवा निपाणीतून एखाद-दुसऱ्या दिवसात जाऊन येता येईल एवढ्या टापूत तीस वर्षांत एवढ्या बँका निघाल्या.

त्या काळचा नकाशा डोळ्यांसमोर आणला की याचे कारण कळते. बेळगाव ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होते. पण शहराला चिकटलेले शहापूर सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात होते. चार पावले चालून गेले की राज्य बदलायचे. कुरुंदवाड, मिरज, जमखंडी ही पटवर्धनांचीच संस्थाने. निपाणीच्या पलीकडे कोल्हापूर संस्थान. या सगळ्या गावांतली माणसे एकाच बाजाराला जात, एकमेकांकडे मुली देत. त्यामुळे ठेवीची पावती देणारा माणूस बहुधा ओळखीचा किंवा ओळखीच्याच्या ओळखीचा निघे. या विश्वासावर छोट्या बँका चालल्या. मार्च १९४८ मध्ये दक्षिणेतली ही लहान संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली आणि १९४९ मध्ये कोल्हापूरही आले. संस्थाने गेली, पण त्यांच्या गावांच्या नावाने निघालेल्या बँका पुढेही बरीच वर्षे चालू राहिल्या.

तंबाखू, बिडी आणि पिग्मी

निपाणीचा पैसा तंबाखूचा. हे पीक वर्षातून एकदा हाती येते आणि भाव व्यापाऱ्याच्या तोंडी असतो. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठिय्या दिला. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकरी प्राणाला मुकले. भावाच्या चार पैशांसाठी जिथे जीव गेले, तिथे शिल्लक टाकलेल्या शंभर रुपयांचे मोल काय असेल, हे वेगळे सांगायला नको.

तंबाखूच्या वखारीत चाळणी धरणाऱ्या आणि घरी बसून बिड्या वळणाऱ्या बायांकडे एकरकमी शिल्लक कधीच नव्हती. त्यांच्यासारख्या माणसांसाठीची बचत दक्षिण कानड्यातून आली. उडुपीला १९२५ साली सुरू झालेल्या आणि पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या संस्थेने १९२८ मध्ये पिग्मी योजना काढली. बँकेचा माणूस रोज दारात येणार आणि रोजचे निदान दोन आणे घेऊन जाणार. ती पद्धत आपल्या भागात इतकी रुजली की आज कुठल्याही सोसायटीच्या रोजच्या वसुलीला आपण पिग्मीच म्हणतो. भाजीवाली, न्हावी, चहावाला, शिलाईवाली यांनी या पिग्मीवर पोरांची लग्ने केली, घरावर कौले चढवली.

पण पिग्मीच्या सोयीतच तिचा धोका आहे. पैसे गोळा करणारा माणूस दारात येत असल्याने खातेदार बाई स्वतः बँकेत कधी गेलेलीच नसायची. ती वारली, घर बदलले किंवा तो माणूस यायचा थांबला, की खाते तिथेच थांबले. मुलांना आईचे खाते नेमके कुठल्या बँकेत होते हेच ठाऊक नसते. त्यांना आठवते फक्त "तो पिग्मीवाला मामा".

१९६० सालचा धडा

ऑगस्ट १९६० मध्ये केरळातली पालई सेंट्रल बँक बंद पडली. ती मोठी बँक होती आणि तिच्या पडण्याने देशभरचे ठेवीदार हादरले. त्याच वर्षी बँकिंग कायद्यात दुरुस्ती झाली आणि डळमळणारी बँक दुसऱ्या भक्कम बँकेत विलीन करण्याचा अधिकार सरकार व रिझर्व्ह बँकेला मिळाला. १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा आला. सुरुवातीला दर ठेवीदाराला संरक्षण होते १५०० रुपयांचे. १९९३ मध्ये ते एक लाख झाले आणि फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख आहे.

त्यानंतर लहान बँका भराभर मोठ्या बँकांत मिसळत गेल्या. १९५१ साली देशात साडेपाचशेच्या वर व्यापारी बँका होत्या. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणापर्यंत त्या नव्वदच्या आत आल्या. एक बँक दुसरीत विलीन होते तेव्हा तिची येणी आणि देणी दोन्ही नव्या बँकेकडे जातात, आणि ठेवीदाराची ठेव ही बँकेची देणी असते. म्हणून बेळगाव बँकेच्या पासबुकातली शिल्लक युनियन बँकेच्या वहीत गेली, ती हवेत विरली नाही.

आपल्या भागातल्या जुन्या नावांचे आजचे दार कुठले, ते इथे एकत्र देतो. कागदावर उतरवून घ्या, घरोघरी उपयोगी पडेल.

मिरज स्टेट बँक १९८५ मध्ये युनियन बँकेत गेली. रोखे घोटाळ्याच्या वादळात सापडलेली बँक ऑफ कराड १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियात आली. कुरुंदवाडची गणेश बँक २००६ मध्ये फेडरल बँकेत आणि त्याच वर्षी युनायटेड वेस्टर्न आयडीबीआय बँकेत विलीन झाली. सांगली बँक २००७ च्या एप्रिलमध्ये आयसीआयसीआय बँकेची झाली. रत्नाकर बँक कुठे विलीन झाली नाही, तिचे नाव तेवढे आरबीएल बँक झाले. स्टेट बँक ऑफ म्हैसूर २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत गेली, विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात, आणि २०२० मध्ये सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत व कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत. खेड्यांतल्या मलप्रभा ग्रामीण बँकेची २००५ मध्ये कर्नाटक विकास ग्रामीण बँक झाली आणि मे २०२५ पासून तिची कर्नाटक ग्रामीण बँक झाली. म्हणजे एका खेडूत बाईने १९८० साली मलप्रभा बँकेत खाते काढले असेल, तर जागचे न हलता तिचे खाते तिसऱ्या बँकेत पोहोचले आहे.

पडून राहिलेल्या पैशाचे काय होते

आता नियम पाहू. खात्यावर दोन वर्षे खातेदाराने काही व्यवहार केला नाही तर बँक ते निष्क्रिय धरते. दहा वर्षे कुणीच विचारले नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका वेगळ्या निधीत जमा होते. ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी हे त्याचे नाव. २०१२ च्या दुरुस्ती कायद्याने त्याची तरतूद झाली आणि मे २०१४ मध्ये त्याची योजना आली. मार्च २०२४ अखेर या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. यातला कितीतरी पैसा अशा माणसांचा असणार, ज्यांच्या मुलाबाळांना तो आहे हेच माहीत नाही.

"रिझर्व्ह बँकेत गेला म्हणजे सरकारजमा झाला" असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. पैसे निधीत गेले तरी खातेदाराचा किंवा त्याच्या वारसाचा हक्क राहतो. अर्ज आपल्या बँकेतच करायचा. बँक आपल्याला पैसे देते आणि नंतर निधीतून भरपाई मागते. व्याज मिळणाऱ्या ठेवीवर निधीत असतानाही व्याज मिळते. मे २०२१ पासून त्याचा दर तीन टक्के आहे. मुदतीचा कायदाही इथे ठेवीदाराच्या बाजूने आहे. मागताक्षणी परत द्यायच्या ठेवीबाबत १९६३ च्या मुदत कायद्यातली तीन वर्षे आपण मागणी केल्या दिवसापासून मोजली जातात, पैसे ठेवले त्या दिवसापासून नव्हे. चाळीस वर्षे कुणी विचारले नाही, एवढ्यावरून हक्क मरत नाही.

शोधासाठी रिझर्व्ह बँकेने १७ ऑगस्ट २०२३ रोजी उद्गम नावाचे संकेतस्थळ सुरू केले. मोबाईल क्रमांकाने नोंदणी करायची, खातेदाराचे नाव टाकायचे आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी एक तरी तपशील द्यायचा. यातले काहीच नसेल तर पत्ता द्यायचा. मार्च २०२४ पर्यंत त्यावर तीस बँका आल्या होत्या. खाते सापडले तर एक संदर्भ क्रमांक मिळतो. तो घेऊन शाखेत जायचे.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. बेळगाव आणि निपाणीत गल्लोगल्ली सौहार्द सहकारी संस्था आणि पतसंस्था आहेत. त्या बँका नव्हेत. त्यांच्या ठेवी उद्गमवर दिसत नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या निधीत जात नाहीत आणि त्यांना पाच लाखांचा ठेव विमाही नाही. तिथला शोध संस्थेच्या कार्यालयातच घ्यावा लागतो, आणि संस्था बंद पडली असेल तर सहकार खात्याकडे अवसायक कोण नेमला आहे याची चौकशी करावी लागते. तिथे जितका उशीर कराल तितकी वाट अवघड होईल.

बिडी कामगार बायांचा फंड

निपाणीच्या घरांत आणखी एक विसरलेले खाते असू शकते. ते बँकेचे नसून भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे फंडाचे असते. प्रा. सुभाष जोशींनी निपाणीच्या तंबाखू आणि बिडी कामगार बायांना संघटित केले, तेव्हा या बायांना आपण "कामगार" आहोत हेच मुळात मान्य करून घ्यायचे होते. फंडाचा कायदा १९५२ चा, पण बिडी धंद्याला तो लागू झाला १९७७ मध्ये. घरी बसून बिडी वळणारी बाईसुद्धा कामगारच आहे आणि तिला फंड मिळालाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितले. म्हणजे तिच्या आठवड्याच्या पगारातून कापलेला पैसा आणि त्यात मालकाने घातलेली भर, दोन्ही कुठेतरी तिच्या नावावर जमा होत होती.

आज आहे तो सार्वत्रिक खाते क्रमांक २०१४ नंतरचा. त्याआधी कारखाना बदलला की फंडाचा क्रमांक बदलायचा, आणि तो क्रमांक ज्या चिठ्ठीवर होता ती चिठ्ठी कधीच चुलीत गेलेली असायची. बँकेपेक्षा इथे घाई जास्त आहे. २०१५ च्या कायद्याने ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी स्थापन झाला. फंड, पोस्टाची बचत खाती यांतली बेवारस रक्कम ठराविक काळानंतर त्यात जाते, आणि तिथे गेल्यापासून पंचवीस वर्षांत कुणी मागितली नाही तर ती केंद्र सरकारची होते. बँकेच्या पैशाला अशी शेवटची तारीख नाही, पण या पैशाला आहे. आजीने बिड्या वळल्या असतील तर तिचे बिडी कामगार ओळखपत्र, कारखान्याचे नाव आणि कामाची साले आजच लिहून ठेवा.

एका बाईची तीन नावे

आता सगळ्यात किचकट भागाकडे येऊ. संगणक नाव शोधतो ते अक्षर न् अक्षर जुळवून, आणि आपल्या सीमाभागात नाव ही जागची न हलणारी गोष्ट कधीच नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ मध्ये म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले. २०१४ मध्ये शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. निपाणीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुणी एक "पी" लिहितो, कुणी कन्नडाप्रमाणे दोन. जुन्या अर्जावर सही मराठीत, कारकुनाने नाव इंग्रजीत लिहिलेले, रेशनकार्डावर कन्नडात आणि आधारवर पुन्हा तिसऱ्याच स्पेलिंगने. एकच आडनाव चार कागदांवर चार तऱ्हांनी दिसते.

बायांचे आणखी वेगळे. माहेरी एक नाव, लग्नानंतर सासरी दुसरे, मधले नाव आधी वडिलांचे आणि मग नवऱ्याचे. आपल्या ख्रिस्ती घरांत त्यावर बाप्तिस्म्याचे नाव आणि घरात हाक मारायचे नाव. ज्यांचे मूळ गोव्यात, त्यांच्या कागदावर पोर्तुगीज वळणाचे नाव, शाळेत त्याचेच इंग्रजी रूप आणि गल्लीत कोकणी. बँकेत खाते काढताना त्या दिवशी जे तोंडात आले ते लिहिले गेले. आता नातवाला सिद्ध करायचे आहे की पासबुकातली बाई आणि मृत्यूच्या दाखल्यावरची बाई एकच.

अशा वेळी चर्चची नोंदवही किती कामाला येते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा १९६९ चा. त्याआधी जन्मलेल्या कितीतरी माणसांजवळ सरकारी जन्मदाखला नाही. पण बाप्तिस्म्याच्या वहीत जन्मतारीख, आईवडील आणि धर्ममातापिता यांची नावे आहेत. कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे माणसाचे लग्न झाले की त्याची नोंद त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात केली जाते. एकाच ओळीत माहेरचे नाव आणि समासात लग्न कुणाशी, कुठे, कधी झाले ते. बाईची दोन नावे जोडणारा याहून सरळ कागद शोधून सापडायचा नाही.

ही वही मात्र आज जिथे आपण मिस्साला जातो तिथेच असेल असे नाही. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला. त्याआधी हा मुलूख गोवा आणि पुणे या धर्मप्रांतांत वाटलेला होता. प्रोटेस्टंट बांधवांचेही तसेच. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये काम सुरू केले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मेथोडिस्टांकडे गेले. बँकांप्रमाणे चर्चच्या कारभाराचेही हस्तांतर झालेले आहे, आणि शोधणाऱ्याने तेही लक्षात ठेवावे.

चर्चचा दाखला म्हणजे वारसा दाखला नव्हे. तो आधाराचा कागद आहे. बँक मृत्यूचा दाखला मागेल, वारसांची ओळखपत्रे मागेल, नाडकचेरीतून वंशवृक्षाचा दाखला आणायला सांगेल. नावांत फरक असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र लागेल. १९८५ पूर्वी बँकेच्या ठेवीला नॉमिनी लावण्याची सोयच नव्हती, त्यामुळे फार जुन्या ठेवींना बहुधा वारसच उभे करावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार नॉमिनी नसला आणि काही वाद नसला, तर व्यापारी बँकेत पंधरा लाखांपर्यंतची आणि सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंतची रक्कम न्यायालयाच्या सक्सेशन सर्टिफिकेटशिवाय, हमीपत्रावर देता येते. सगळे कागद मिळाल्यावर पंधरा दिवसांत निकाल लावायचा आहे. बँकेने टोलवले तर हे नियम नम्रपणे पुढे ठेवा आणि अर्जाची पोच मागा.

आणखी दोन गोष्टी. नॉमिनी हा पैशाचा मालक नसतो. त्याने पैसे घेऊन खऱ्या वारसांना द्यायचे असतात, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि मुले असतील, तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले सर्व मुलांना सारखे, मुलगा-मुलगी भेद न करता. लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही न घेता भावाने एकट्याने पैसे उचलणे कायद्यात बसत नाही, आणि आपल्या श्रद्धेतही बसत नाही. दुसरी गोष्ट, "पैसे काढून देतो, इतके टक्के द्या" म्हणणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहा. उद्गमवर शोध घ्यायला पैसे लागत नाहीत. फोनवर ओटीपी विचारणारा बँकेचा माणूस नसतो.

दिवा लावून शोधणे

लूकच्या शुभवर्तमानातल्या बाईजवळ दहा नाणी होती आणि त्यातले एक हरवले. ती दिवा लावते, घर झाडते, कोपरा न् कोपरा पाहते. नऊ आहेत ना, मग एकासाठी कशाला एवढा खटाटोप, असे तिला वाटत नाही. नाणे सापडल्यावर ती शेजारणींना बोलावते.

आपल्या घरातल्या जुन्या खात्यात फार मोठी रक्कम निघेलच असे नाही. कधी तीनशे रुपये निघतील आणि कागदांच्या फेऱ्यांत तेवढेच खर्च होतील. पण कधी एखाद्या विधवेचे औषधपाणी निघेल, एखाद्या मुलीची फी भरली जाईल. आणि ते पैसे कुणीतरी पोटाला चिमटा घेऊन रोज दोन-दोन आण्यांनी, रुपया-रुपयाने साठवलेले होते. ती व्यक्ती आपल्याला देऊन गेली, आपण उचलले नाही एवढेच.

दर वर्षी १ नोव्हेंबर आला की आपल्या भागात नावांवरून आणि राज्यांवरून पुष्कळ बोलले जाते. दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, आपण कबरस्तानात जातो, मेणबत्त्या लावतो आणि घरातल्या मृतांची नावे मिस्सासाठी कागदावर लिहून देतो. या वर्षी ती यादी करताना घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाजवळ थोडा वेळ बसा. प्रत्येकाचे पूर्ण नाव विचारा, माहेरचेसुद्धा. कुठे राहायचे, कुठे कामाला होते, पैसे कुठे ठेवायचे, दारात पिग्मी घ्यायला कुणाचा माणूस यायचा, हेही विचारा. चर्चला द्यायची ती यादी द्या, आणि ही दुसरी वहीत उतरवून घरी ठेवा.

त्याच वहीत आपली स्वतःची खातीही लिहा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. आपल्या मागे कुणाला ट्रंक धुंडाळत बसावे लागू नये, एवढे तरी आपण आजच करून ठेवू शकतो.